फ्रिजमधला बिस्किटाचा डो वाया जायच्या आत संपवायचा कसा

आधी एक घोळ मिटवते. इथे बिस्कीट म्हणजे चहात बुडवायचं ते कडक चपटं बिस्कीट नाही. अमेरिकेत ज्याला बिस्कीट म्हणतात ते, यीस्ट न घालता सोडा-पावडरवर फुगवलेला, पदर सुटणारा छोटा मऊ ब्रेड. त्याचा तयार कच्चा डो तिकडे पुठ्ठ्याच्या गोल नळकांड्यात भरून थंड कप्प्यात विकायला असतो. एका नळकांड्यात एकतर मोठ्या ८ चकत्या, साधारण ४६० ग्रॅमच्या, किंवा छोट्या १०, साधारण २१० ग्रॅमच्या. लोक तिथे त्याला कॅनच म्हणतात, मीही इथे कॅनच म्हणते.

आणि हा कॅन म्हणजे काय, तर ऑफर लागली की आपण ३-४ उचलतो, एक लगेच बेक होतो आणि बाकीचे फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, मग एक दिवस तारीख बघितली की परवाची असते. माझ्याकडे तर एक कॅन आपणहून फुटला होता. रात्री कधीतरी फुटला असणार, सकाळी फ्रिज उघडला तर डो जाळीतून खालच्या भाजीच्या ड्रॉवरवर लोंबत होता. त्यानंतर मी हे जरा समजून घेतलं. बहुतेकजण आधी रेसिपी शोधतात आणि मग डो काढतात, ते उलटं करायचं. आधी डो किती जुना आहे ते बघा, मग पदार्थ ठरवा. जितका जुना डो, तितका चपटा पदार्थ. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

असं का, ते आधी सांगते, कंटाळा आला तरी वाचा कारण पुढे सगळीकडे हेच लागणारे.

या डोमध्ये फुगण्यासाठी बेकिंग सोडा असतो आणि त्याच्या जोडीला सावकाश काम करणारं एक आम्ल असतं, बहुतेक वेळा सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट, कॅनवर घटकांच्या यादीत सापडेल. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. थोडा गॅस कॅनमध्येच तयार होतो, त्यानेच डो फुगून कॅन गच्च भरतो आणि आत दाब राहतो, उघडताना फट्ट आवाज येतो तो त्याचाच. उरलेला गॅस ओव्हनची गरमी लागल्यावर तयार होतो आणि बिस्कीट वर येतं. थंडीत ही गडबड अगदी हळू चालते पण पूर्ण थांबत नाही. म्हणजे फ्रिजमध्ये पडल्या पडल्या फुगायची ताकद हळूहळू खर्च होत असते, आणि एकदा कॅन उघडला की दाब गेला, मग ती जास्तच भराभर कमी होते. यीस्टच्या डोसारखं इथे परत थोडा वेळ ठेवून फुगवून घेऊ असं चालत नाही. गेली ती गेली.

(हा प्रकार जुना आहे बरं का. केंटकीमधल्या लुईव्हिल शहरातल्या लाइव्हली विलोबी नावाच्या बेकरला १९३१ मध्ये याचं पेटंट मिळालं. म्हणजे नव्वद वर्षांवर लोक हा फट्ट आवाज ऐकून दचकतायत.)

पायरी पहिली: डो जिवंत आहे का ते बघा

कॅन फ्रिजमधून काढा आणि बाहेरून नीट बघा. कॅन कडक लागतो ते नॉर्मल आहे, आत दाब असतोच. पण झाकणाच्या बाजू टम्म बाहेर आल्यात, कुठून चिकट पाणी गळतंय, शिवण सुटलीय, तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका, सरळ टाका. आपणहून फुटलेला असेल आणि कधी फुटला ते माहीत नसेल तरी टाका. तुमच्यासमोर, फ्रिजमध्ये असतानाच फुटला तर मात्र घाबरायचं कारण नाही, लगेच बेक करून टाका.

फ्रिज ४ अंश सेल्सियस, म्हणजे ४० फॅरनहाइट किंवा त्याच्या खाली हवा. कॅन दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे दर उघडझापीला गरम हवा लागते. आतल्या फळीवर ठेवा, पुढे ठेवा, दिसेल असा. कॅन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला असेल, गाडीत विसरला असेल, तर मी तरी तो वापरत नाही.

आता उघडायचं. कॅन थंडगार असतानाच उघडा, गरम झालेला कॅन जास्त जोरात उडतो. वरचा कागद सोलत जा, बऱ्याचदा कागद सोलतानाच फुटतो. नाही फुटला तर तिरकी शिवण दिसते तिच्यावर चमच्याची पाठ दाबा. तोंड दुसरीकडे. सुरी खुपसू नका प्लीज.

उघडल्यावर डो पांढरट-पिवळसर, मऊ आणि फुगीर दिसला आणि वास थोडा खारट पिठासारखा आला तर उत्तम. कधी कधी डो करडा पडलेला असतो किंवा खाली तपकिरी पाक सुटल्यासारखं पाणी दिसतं. हे पाणी का सुटतं ते मला फार इंटरेस्टिंग वाटलं. गव्हाच्या पिठात ॲरॅबिनोझायलन नावाचा तंतुमय पदार्थ असतो, तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, पिठातलीच एन्झाइम्स दिवसेंदिवस त्याला तोडत राहतात आणि मग धरलेलं पाणी सुटतं. म्हणजे ते वयाचं लक्षण आहे. तारखेच्या आत असेल, वास ठीक असेल आणि पाणी अगदी थोडं असेल तर टिपून घ्या आणि चपट्या पदार्थांकडे वळा. पण आंबट, कुबट किंवा दारूसारखा वास, कुठेही बुरशीचा ठिपका, हिरवा काळा गुलाबी कोणताही, हाताला बुळबुळीत लागणं, यातलं एक जरी असलं तरी सगळा कॅन कचऱ्यात. बुरशीचा भाग कापून बाकीचा वापरू हे मऊ डोला चालत नाही, वरून दिसतं त्याच्यापेक्षा ती आत खोल गेलेली असते.

तारखेचं काय, तर सोडून देऊ नका. कॅनवरची यूज बाय तारीख हीच मर्यादा धरायची असा अमेरिकेतल्या कृषी खात्याचाही सल्ला आहे. तारीख उलटलेला कॅन फुगणार नाही हे तर आहेच, पण दोन डॉलरच्या डोसाठी पोट बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

अजून एक, कच्चा डो चाखायचा नाही. यात अंडं नसतं म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही, पण कच्चं पीठ हेच धोक्याचं असतं. गहू शेतातून येतो, दळताना जंतू मारले जात नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठातून ई. कोलाय पसरून २४ राज्यांत ६३ लोक आजारी पडले होते. मुलं मदतीला असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा आणि ओटा, हात, लाटणं साबणाने धुवा.

पायरी दुसरी: दिवस मोजा

तारखेला आठवडा किंवा जास्त आहे आणि कॅन बंद आहे, तर घाई नाही. फुगणारं काहीही करा.

तारीख २-४ दिवसांवर आलीय, तर आज किंवा उद्या. खाणारे असतील नसतील, सगळा कॅन बेक करून टाका. बेक केलेलं बिस्कीट फ्रीझरमध्ये छान राहतं, कच्चा कॅन राहत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण तारीख जवळ आली की हात पहिला फ्रीझरकडे जातो. कॅन अख्खा फ्रीझ करू नका. डोमधलं पाणी गोठून फुगतं आणि कॅन फुटू शकतो, शिवाय वितळल्यावर डो चिकट होतो आणि धड फुगत नाही.

कॅन उघडलाय आणि अर्ध्याच चकत्या वापरल्यात, तर उरलेल्या सुट्या करून क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, हवाबंद डब्यात घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा, फार तर दोन दिवस. आणि त्यांचं परत बिस्कीट करायला जाऊ नका, खुजं आणि घट्ट होतं. चपटं काहीतरी करा.

घरी मळलेला डो असेल तर गणित थोडं वेगळं. तो फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच धरा, पण तो फ्रीझ मात्र झकास होतो. कच्च्या चकत्या कापून ट्रेवर सुट्या गोठवायच्या, मग पिशवीत भरायच्या, आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये, नेहमीपेक्षा ३-५ मिनिटं जास्त.

पायरी तिसरी: ताकद असलेल्या डोचं काय करायचं

साधं बेक करणं यावर फार लिहीत नाही, कॅनवरचं तापमान पाळा. मोठ्या चकत्या बहुतेक ३५० फॅरनहाइटला, म्हणजे १७५ सेल्सियसला, १३ ते १६ मिनिटं. छोट्या जास्त तापमानाला आणि कमी वेळ. एकच टीप, चकत्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर उंच आणि मऊ होतात, लांब ठेवल्या तर कडा कुरकुरीत होतात. वरून रंग आला आणि मधोमध दाबल्यावर पचकल्यासारखं वाटलं तर अजून २ मिनिटं द्या. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ सेल्सियस.

दोन कॅन एकदम संपवायचे असतील तर मंकी ब्रेड. प्रत्येक मोठ्या चकतीचे ४ तुकडे करा. पिशवीत अर्धा कप साखर आणि चमचाभर दालचिनी पूड घाला, तुकडे टाकून पिशवी हलवा. मध्ये भोक असलेल्या बंट पॅनला भरपूर बटर लावून तुकडे रचा, दाबायचं नाही. पाऊण कप बटर आणि एक कप ब्राउन शुगर एकत्र वितळवून वरून ओता. ३५० ला ३० ते ४० मिनिटं. इथे सगळ्यांची एकच चूक होते, वरचा रंग बघून लवकर काढतात आणि मधला भाग कच्चा राहतो. वरून फार लाल होत असेल तर फॉइल झाका पण वेळ पूर्ण द्या. मग ५ ते १० मिनिटं थांबून उलटा करा, लगेच केला तर गरम पाक हातावर येतो आणि अर्धा तास थांबलात तर पाक पॅनलाच धरून बसतो.

डोनट. मधोमध बाटलीच्या झाकणाने भोक पाडा, तेल १७५ सेल्सियसला तापवा आणि एका बाजूने साधारण मिनिटभर ते दीड मिनिट तळा. तेल जास्त तापलं तर बाहेरून काळपट आणि आतून कच्चं, हमखास. पहिला एक तळून मधून तोडून बघा, मग बाकीचे. भोकाचे गोळेही तळा, ते आधी संपतात. काढल्या काढल्या साखरेत घोळवा, गार झाल्यावर साखर चिकटत नाही.

आणि भरलेले गोळे. चकती हाताने थापून ५ इंच करा, कडा मधल्यापेक्षा पातळ ठेवा, मध्ये चीजचा तुकडा किंवा शिजलेलं मटण, चिकन, परतलेल्या भाज्या, जे उरलंय ते. सारण कोरडं आणि गार हवं. गरम सारण भरलं की डो आतूनच ढिला होतो आणि ओलं असेल तर तळ गिचका होतो. कडा वर गोळा करून चिमटा, तोंड खालच्या बाजूला करून ट्रेवर ठेवा. ३७५ फॅरनहाइट, १९० सेल्सियस, १५ मिनिटांच्या आसपास. वरून लसूण घातलेलं वितळलेलं बटर. एखादा फुटून चीज बाहेर येतंच, त्याला इलाज नाही, तो स्वयंपाक करणाऱ्याने उभ्या उभ्या खायचा असतो.

पायरी चौथी: मधल्या वयाचा डो

म्हणजे तारीख अगदी आज-उद्याची किंवा कॅन कालच उघडलेला. फुगेल, पण अर्धवट. इथे असे पदार्थ घ्या ज्यात उंची कमी आली तरी कुणाला कळत नाही.

पॉट पाय (भांड्यातल्या रश्श्यावर डोचं झाकण ठेवून बेक करतात तो) किंवा कुठल्याही घट्ट रश्श्यावर झाकण म्हणून हा डो सगळ्यात मस्त. पण त्यात एक गोची आहे. चकत्या वर ठेवून भांडं ओव्हनमध्ये सारलं की वरून सोनेरी दिसतं आणि खालची बाजू ओली पिठुळ राहते. सारण थंड असतं हे त्याचं कारण. रस्सा आधी गॅसवर खळखळून उकळी येईपर्यंत गरम करा, मग लगेच वर चकत्या ठेवा, मध्ये वाफ जायला जागा सोडा. जाड चकती असेल तर आडवी चिरून दोन पातळ करा किंवा चार तुकडे करून पसरा. ३७५ ला १५-२० मिनिटं, आणि काढायच्या आधी एक तुकडा उचलून खालून बघा.

मफिन ट्रेमधल्या वाट्या. चकती थापून मफिनच्या साच्यात बसवा, तळ पातळ ठेवा, आत फेटलेलं अंडं आणि चीज, पाऊण भरा, काठोकाठ नाही. ३७५ ला १५ ते २० मिनिटं, अंडं मध्ये थलथल हलायला नको.

वॉफल मेकर असेल तर मग प्रश्नच मिटला. दोन्ही बाजूंनी दाबलं जातं, आत शिजतं, बाहेर कुरकुरीत होतं आणि डो फुगला की नाही हा विषयच निघत नाही. तेलाचा हात लावून एक चकती मधोमध, ३ ते ५ मिनिटं. मला विचाराल तर उरलेल्या २-३ चकत्यांसाठी यासारखं काही नाही, ओव्हन तापवायला लागत नाही.

एअर फ्रायरवाल्यांसाठी, तापमान ओव्हनपेक्षा कमी ठेवा, ३२०-३३० फॅरनहाइट, आणि मध्ये एकदा उलटा. ओव्हनचंच तापमान ठेवलं की बाहेरून करपून आत डो तसाच.

पायरी पाचवी: थकलेला डो

तारखेच्या आत आहे, वास चांगला आहे, पण बसलेला, चिकट, करडा दिसतोय. याच्याकडून फुगायची अपेक्षा सोडा, लाटणं काढा.

पिझ्झा बेस: पदर सुटणारी चकती असेल तर हाताने दोन पदर वेगळे करा, एकाच्या दोन होतात. पीठ लावून पातळ लाटा. डो आखडून परत येत असेल तर १० मिनिटं झाकून ठेवा, मग ऐकतो. आधी नुसता बेस ५ मिनिटं बेक करा, मग सॉस आणि चीज घालून आणखी ८-१०. आधीचे ते ५ मिनिटं टाळले की मध्ये ओलं राहतं.

तव्यावर: पातळ लाटून जाड बुडाच्या तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू २-३ मिनिटं, झाकण ठेवलं तर आतून नीट शिजते. मोठ्या आचेवर डाग पडतात आणि आत कच्चं राहतं, कारण या डोमध्ये साखर आणि चरबी दोन्ही असतात, रंग फार लवकर येतो. रंगावर जाऊ नका, एक तोडून बघा.

क्रॅकर: जितकं पातळ लाटता येईल तितकं लाटा, एक-दोन मिलिमीटर, काट्याने सगळीकडे टोचा, वरून तेल, मीठ, मिरी, तीळ. चौकोन कापून ३७५ ला ८ ते १० मिनिटं, सातव्या मिनिटापासून दारापाशी उभे राहा, शेवटच्या मिनिटात करपतात. डोमध्ये मीठ आधीच बरंच असतं, वरचं मीठ हात राखून.

आणि डंपलिंग्ज. चिकनच्या किंवा भाज्यांच्या सूपमध्ये सोडायची. चकती लाटून पट्ट्या कापा, पिठात घोळवा (ते पीठ सूप दाटही करतं), सूप हळूहळू उकळत असताना एकेक पट्टी सोडा, सगळ्या एकदम टाकल्या तर एकच लगदा होतो. झाकण ठेवून १० ते १५ मिनिटं, मधून मधून भांडं हलवा, डाव नको. थकलेला डो इथे ताज्यापेक्षा चांगला लागतो असं माझं ठाम मत आहे, ताजा डो फुगून स्पंजसारखा होतो आणि सगळं सूप पिऊन टाकतो.

पायरी सहावी: बेक केलेलं उरलं तर

पूर्ण गार होऊ द्या, जाळीवर. गरम असताना पिशवीत भरलं की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. साधी बिस्किटं हवाबंद डब्यात बाहेर एक-दोन दिवस राहतात, पण ज्यात मांस, अंडं, चीज आहे ती दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये आणि ३-४ दिवसांत संपवा.

फ्रीझ करायची असतील तर ट्रेवर सुटी गोठवून मग पिशवीत, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा, दोन-तीन महिने चव टिकते. खाताना फॉइलमध्ये गुंडाळून ३५० ला १०-१५ मिनिटं, शेवटी २ मिनिटं फॉइल उघडून. मायक्रोवेव्ह करायचाच असेल तर ओल्या पेपर टॉवेलमध्ये २०-२५ सेकंद आणि लगेच खा, गार झालं की दगड. भरलेले गोळे मात्र आत पूर्ण गरम झाले पाहिजेत, ७४ सेल्सियस.

अगदीच सुकलेली असतील तर चौकोनी तुकडे करून तेल-लसूण लावून ३०० फॅरनहाइटला १५-२० मिनिटं, सूपवर घालायला क्रूटॉन्स. किंवा दूध-अंडं-साखरेत भिजवून ब्रेड पुडिंग, पण बिस्कीट ब्रेडपेक्षा खारट असतं म्हणून त्यात वरून मीठ घालायचं नाही आणि बटरही नेहमीपेक्षा अर्धंच घ्या.